आखूड नळीची, भरवशाची

गेल्या श्रावणात पुतण्याचा फोन आला. औंधच्या पलीकडे एका गावात तो शाळामास्तर आहे. स्नेहसंमेलनासाठी मुलांचं नाटक बसवत होता, ताई तेलिणीवरचं. तलवारी मिळाल्या होत्या, ढाली मिळाल्या होत्या, पागोटीही मिळाली होती. अडलं होतं एका वस्तूवर.

"काका, एक कडाबीन पाहिजे. जुनी चकमकीची, आखूड नळीची. परवडेल अशी, आणि ऐन वेळी दगा न देणारी."

मी आयुष्यभर जुन्या वस्तूंच्या मागे फिरलो आहे. अडकित्ते, दौती, कुलपं यांच्यावर पुष्कळ लिहिलं. म्हणून त्यानं मला विचारलं. मी हो म्हणालो आणि चार महिने त्या एका शब्दामागे हिंडलो. हाती जे लागलं ते आधी ठरवलेल्या वस्तूपेक्षा मोठं होतं, म्हणून हा लेख.

ताई तेलिणीचा मुलूख

औंधच्या यमाईच्या डोंगरावर उभं राहिलं की पंतप्रतिनिधींचा जुना मुलूख डोळ्यांपुढे येतो. संस्थान विलीन झालं तेव्हा ते ७२ गावांचं होतं आणि तीही सलग नव्हती. औंध इथे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, आणि एक तुकडा थेट विजापूरकडे. आज त्यातला काही भाग सातारा जिल्ह्यात आहे, काही सांगलीत.

या घराण्यातले परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मसूरला नजरकैदेत होते. ताई तेलिणीनं त्यांना सोडवलं. पुढे वसंतगडाजवळच्या लढाईत प्रतिनिधींचा हात गेला आणि ते लोकांच्या तोंडी 'थोटे पंत' झाले. ताई मात्र वासोट्यावर चढून बसली. कोयनेच्या दाट रानातला तो किल्ला तिनं सुमारे आठ महिने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेविरुद्ध झुंजवला. हे १८०६-०७ चं वर्तमान. शेवटी गडावर धान्याच्या कोठाराला आग लागली आणि किल्ला द्यावा लागला.

म्हणजे तो किल्ला दाण्यागोट्यापायी गेला. पुतण्याच्या मुलांना हा प्रसंग रंगवायचा होता, आणि ताईच्या हातात त्यांना कडाबीन हवी होती.

शब्दाचा माग

कडाबीन म्हणजे आखूड नळीची, बहुधा तोंडाशी रुंद असलेली बंदूक. शब्द युरोपातला. तिकडची कार्बाइन पश्चिम आशियातून येताना कराबीन झाली आणि मराठी जिभेवर कडाबीन होऊन रुळली. नळी साधारण हातभर. आतून गुळगुळीत, आटे नसलेली. स्वाराला मांडीवर आडवी टाकता यावी, देवडीवरच्या पहारेकऱ्याला अंगरख्याआड धरता यावी, खजिन्याच्या गाडीवर बसलेल्याला झटकन उचलता यावी, एवढ्यासाठी ती आखूड.

तिचं तोंड रुंद असल्यामुळे छर्रे फार पसरतात, असा समज आहे. रुंद तोंडाचा खरा उपयोग भरताना होतो. हलत्या घोड्यावर किंवा डुलत्या गलबतावर दारू आणि छर्रे नळीत ओतायचे तर नसराळ्यासारखं तोंड सोयीचं पडतं. छर्ऱ्यांच्या पसरण्यात त्याचा वाटा थोडाच. आखूड नळीत सगळी दारू जळून होण्याआधीच छर्रे बाहेर पडतात, म्हणून जाळ मोठा, आवाज मोठा आणि पल्ला कमी. वीस-तीस पावलांच्या आतलं हे हत्यार. दारात, खिंडीत, जिन्यात उपयोगी. मैदानात निरुपयोगी.

आता तिची कळ. जुनी बंदूक तोड्याची. सुताचा पेटता तोडा कान्याजवळच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाजवळच्या, रंजकीला लावायचा, रंजक पेटली की कान्यातून आग आत जाते आणि बार होतो. तोडा सतत जळत ठेवावा लागे. पावसात तो विझे, अंधारात त्याची ठिणगी शत्रूला दिसे, आणि घोड्यावर एका हातात लगाम असताना तो सांभाळणं जिकिरीचं. चकमकीच्या बंदुकीनं हा जाच संपवला. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा पकडलेला असतो. चाप ओढला की आतली कमान सुटते, गार पोलादाच्या पट्टीवर आपटते, ठिणग्या रंजकीच्या वाटीत पडतात. फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास ही रचना पूर्णत्वाला आली आणि पुढची दोनशे वर्षं तिनं जगभर राज्य केलं. आपल्या जुन्या कागदांत अशा बंदुकीला 'पथरकला' म्हटलेलं आढळतं. पत्थराची कळ. नाव ऐकलं की यंत्र समजतं.

भरवसा किती होता

पुतण्याचा दुसरा शब्द होता 'दगा न देणारी'. चकमकीची बंदूक कितपत दगा देत असे, याचा मोजून केलेला हिशेब आहे. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिचला चकमकीच्या आणि नव्या टोपीच्या, म्हणजे पर्कशन कॅपच्या, बंदुका शेजारीशेजारी उडवून पाहिल्या. प्रत्येकीचे ६००० बार. टोपीच्या बंदुकीचे ३६ बार फुकट गेले, चकमकीच्या बंदुकीचे ९२२. म्हणजे साधारण साडेसहा बारांमागे एक फुसका. आणि ही सरकारी कोठारातली, नीट निगराणीतली हत्यारं होती.

गार बोथट होते. चांगला तुकडा वीस-तीस बार टिकतो, मग पालटावा लागतो. जळालेल्या काळ्या दारूची काजळी कान्यात साचते आणि तो बुजतो. हवा दमट असली की रंजक ओली होते. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. कधी रंजक भपकन पेटते आणि आतली दारू तशीच राहते.

या बंदुकीच्या दोन भागांवर सारा खेळ आहे. एक कमान, दुसरी पोलादाची पट्टी. ठिणगी म्हणजे गारेनं तासलेला पोलादाचा जळता कण. पट्टी मऊ लोखंडाची असेल तर गार नुसती घासते, ठिणगी पडत नाही. पट्टीला नेमकं पाणी दिलेलं हवं. कमानीचं याहून नाजूक. पाणी कडक बसलं तर ती तडकन मोडते, मऊ राहिली तर चार दिवसांत बसते. तोड्याच्या बंदुकीला असलं काही लागत नाही. एक वाकडा दांडा, एक खीळ, पेटलेलं सूत. गावचा लोहार ती घडवतो आणि मोडली तर संध्याकाळपर्यंत जोडून देतो.

म्हणूनच आपल्याकडे पथरकला येऊनही तोड्याची बंदूक शेदीडशे वर्षं टिकली. हा आपला अडाणीपणा, असं काही पुस्तकं सुचवतात. मला ते पटत नाही. गडावरच्या शिपायाचा हिशेब साधा होता. जी वस्तू मोडल्यावर इथेच दुरुस्त होते, तिच्यावर जीव टाकावा.

आग्र्याचा कारखाना

तरीही मराठी सत्तेनं पथरकला मिळवण्याचा प्रयत्न मोठ्या प्रमाणावर केला. इब्राहिमखानाचे गारदी याच बंदुका घेऊन १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर उभे राहिले. त्यांच्या शिस्तीचा मारा त्या दिवशी दुपारपर्यंत शत्रूला जाणवत होता. खरी मजल मारली महादजी शिंद्यांनी. त्यांच्या चाकरीतला युरोपीय सेनानी दि बॉयन याच्या कंपूंसाठी आग्र्याला कारखाना उभा राहिला. सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तिथे तोफा ओती आणि बंदुका घडवी. एक बंदूक सुमारे दहा रुपयांना पडे आणि ती युरोपीय मालाच्या तोडीची असे, अशी त्या काळच्या लष्करी लोकांची साक्ष आहे.

स्वस्त आणि भरवशाची चकमकीची बंदूक, पुतण्या शोधत होता तीच, मराठ्यांच्या हुकमतीखाली खरोखर तयार होत होती. मग ती टिकली का नाही? १८०३ च्या युद्धात कंपनी सरकारनं शिंद्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे ओढलं, पुष्कळ जण चाकरी सोडून गेले, ऑक्टोबरात आग्रा पडलं आणि कारखान्याचा आधार तुटला. आग्र्याच्या भट्टीतली विद्या साताऱ्याच्या, कऱ्हाडच्या, माणदेशातल्या लोहारवाड्यापर्यंत पोचलीच नव्हती. कमानीला पाणी कसं द्यायचं हे चार माणसांच्या हाती राहिलं, आणि ती चार माणसं गेली. बंदुका उरल्या, बंदूक करणारा हात उरला नाही. दहा रुपयांची वस्तू त्या दिवसापासून आपल्यापुरती महाग झाली.

त्याच मुलखात पुढे

या मुद्द्याशी मी अडखळलो आणि मला औंध पुन्हा आठवलं. कारण नेमक्या याच बाबतीत औंधनं पुढे शंभर वर्षांनी वेगळी वाट धरली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची बेळगावातली जागा गेली तेव्हा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. काम काय, तर लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली होती. किर्लोस्करांनी नांगर सुधारला, सुटे भाग दिले, शेतकऱ्याला ते बसवायला शिकवलं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या, ही गोष्ट कोल्हापूर-सांगलीकडे आजही अभिमानानं सांगतात. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांची काच निघू लागली आणि 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांत गेला. त्याची काच फुटली तर तालुक्याच्या बाजारात दुसरी मिळे.

नांगर आणि कंदील ही लढाईची हत्यारं नव्हेत. पण 'परवडणारी आणि भरवशाची' या दोन शब्दांचा खरा अर्थ औंध संस्थानाच्या हद्दीत या दोन वस्तूंनी सिद्ध केला. फाळ मोडला तर फाळ मिळतो, काच फुटली तर काच मिळते. वस्तूबरोबर तिची दुरुस्ती गावात आली.

पुढे याच कुंडलनं बंदुकीची टंचाईही अनुभवली. १९४३ ते १९४६ प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं, जी. डी. बापू लाडांचं, तुफान सेनेचं हे ठाणं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवली तेव्हा या पोरांकडे होतं काय? कोयते, लाठ्या, मोजके गावठी बॉम्ब. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ म्हातारपणी ही हकिगत सांगत, त्यात हत्यारांचा बडेजाव कुठेच नव्हता. जे शेतात होतं आणि गावच्या लोहाराकडे धार लावून मिळत होतं, ते घेऊन ती पोरं गेली. दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचा हिशेब त्यांनीही तसाच केला होता.

कायद्याच्या दारात

पुतण्याला खरी जुनी कडाबीन मिळवून देणं शक्य आहे का, हे मी आधी कायद्यात पाहिलं. शेतकऱ्यांनाही हे उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरवला. घराघरांतल्या खुंट्या रिकाम्या होण्याचं ते एक मोठं कारण. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये दोन गोष्टी ओळीनं येतात. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी आटे नसलेली बंदूक हवी असेल तर तिची नळी किमान २० इंच हवी. आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागता येते. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक त्या कामासाठी मिळू शकते. डोंगराकडेच्या गावांत रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं वावर उलथून टाकतात. त्या शेतकऱ्याच्या परवान्यामागे हे कलम आहे.

यात आमची कडाबीन कुठे बसते? तिची नळी बहुधा २० इंचांच्या आतली, म्हणून या वाटेनं ती येत नाही. लांब बंदूक घेऊन नळी कापावी, तर कलम ६ आडवं येतं. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे. उरली जुनी, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली बंदूक. कलम ४५ अशा वस्तूला सूट देतं, पण ती दुरुस्त करूनसुद्धा उडण्याजोगी नसेल तरच. शिवाय शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

ज्यांच्या माळ्यावर किंवा कोनाड्यात आजोबांच्या वेळची नळी पडली आहे, त्यांना कळकळीनं सांगतो. तिला ऊन दाखवू नका, विस्तवाजवळ नेऊ नका, चाप ओढून पाहू नका. काळी दारू कोरडी राहिली तर फार जुनी झाली तरी पेटते, आणि किती तरी जुन्या बंदुका भरलेल्या स्थितीत सापडतात. जाणकार माणसं आधी एक लाकडी काठी नळीत अलगद सोडतात, तोंडाशी खूण करतात, मग ती काठी बाहेरून नळीला लावून पाहतात. काठी कान्यापर्यंत पोचत नसेल तर आत काही आहे. हे काम स्वतः करू नका, जाणकाराला आणि पोलीस ठाण्याला कळवा. घासून चकचकीत करू नका. गंजाखालची नक्षी आणि कारागिराची खूण त्यानं जाते.

नव्या जुन्या बंदुका

बाजारात एक तिसरा प्रकारही आहे. उत्तर भारतातल्या काही कारखान्यांत आजही चकमकीच्या बंदुका बनतात. अमेरिका, कॅनडा, युरोपात जुन्या लढायांचे प्रसंग हुबेहूब उभे करणारे हौशी लोक त्यांचे गिऱ्हाईक. माल बहुधा कान्याचं भोक न पाडता जातो, म्हणजे कागदोपत्री ती शोभेची वस्तू. पलीकडचा माणूस आपल्या देशातल्या कायद्याप्रमाणे पुढचं पाहतो. त्या हौशी मंडळींच्या तक्रारी मी वाचल्या आणि दोनशे वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं. पट्टीला नीट पाणी नाही म्हणून ठिणगी पडत नाही. कमान मऊ आहे. किंमत कमी, पण कळ दुरुस्त करून घ्यायला तितकेच पैसे जातात. आग्र्याच्या भट्टीतला प्रश्न अजून तिथेच आहे.

मी पुतण्याला फोन केला. खरी कडाबीन नाही, विकतची नक्कलही नाही. ही गावात करायची.

ऐरणीपाशी

दिवाळीनंतर मी गेलो. शाळेपासून हाकेच्या अंतरावर लोहाराचं पाल. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, ऐरण तीच. साठीतला माणूस, कोयते-विळे-फाळ करणारा. मी कागदावर कळीचं चित्र काढलं. त्यानं ते उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.

"नळी कशाची करायची?"

"लाकडाची. भरीव. आत पोकळ काही ठेवायचं नाही. उडता कामा नये. पण ठिणगी पडली पाहिजे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मंग ही कमान. ट्रकच्या पाट्याची कापतो. पर पाणी द्याया लागंल. लई कडक दिलं तर पोरांच्या हातात मोडंल. तेलात विझवतो, मंग तापवून रंग बघून उतरवतो."

वुलिचला भरवसा आकड्यांत मोजला होता, हा माणूस तो रंगावरून ओळखत होता. लोखंड निळसर झालं की थांबायचं. पट्टीसाठी त्यानं जुन्या कानशीचा तुकडा घेतला, कारण कानशीचं पोलाद मुळातच कडक. गारेसाठी मी खंबायतच्या अकीकाचा विचार करत होतो. तो हसला आणि दाराबाहेरचा माळ दाखवला. आमचा सह्याद्री काळ्या दगडाचा. त्या दगडात लाव्हाच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत आणि त्यांत गारगोटी भरलेली. दगड झिजतो, गारगोटी झिजत नाही, ती माळावर उरते. मुलांनी दहा मिनिटांत ओंजळभर आणली. इंग्रजांच्या पलटणींना गारा सफोक परगण्यातल्या ब्रँडनहून येत. इथे त्या पायाखाली होत्या.

तीन दिवसांत कळ तयार झाली. सुतारानं बाभळीचा कुंदा आणि भरीव नळी केली, तोंड नसराळ्यासारखं कोरलं, काळा रंग दिला. पहिल्यांदा घोडा चढवून चाप ओढला तेव्हा काहीच झालं नाही. लोहारानं गार अर्धं नख पुढे सरकवून पुन्हा आवळली. दुसऱ्या वेळी पालाच्या अंधारात ठिणग्यांचा एक झुबका सांडला आणि सगळी पोरं ओरडली.

आपल्या बोलीत ही बंदूक किती खोल शिरली आहे, ते मला त्या वेळी जाणवलं. लहान लढाईला आपण चकमक म्हणतो. एखाद्याला चाप लावतो. मोठा गाजावाजा होऊन काही घडलं नाही की तो फुसका बार. नेट धरून बोलायचं तर ठासून बोलतो. वस्तू गेल्या, पण या शब्दांना अजून दारूचा वास आहे. ते शब्द वापरणाऱ्या मुलांनी ती कळ एकदा हातात धरून पाहिली, याचं मला मोल वाटतं.

नाटकाच्या आदल्या दिवशी रंगीत तालमीत कमान ढिली पडली. ताई झालेली सातवीतली मुलगी रडवेली झाली. पुतण्यानं कडाबीन कापडात गुंडाळली, सायकलच्या मागे बांधली आणि लोहाराकडे गेला. मी घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटांनी तो परत आला.

"झालं?" मी विचारलं.

त्यानं ती मुलीच्या हातात दिली. तिनं घोडा मागे ओढला, मान वळवून डोळे मिटले आणि चाप ओढला. ठिणगी पडली.